विश्लेषण : गिझर लावला की ब्रेकर पडतो; दोष ब्रेकरचा की घरातल्या वायरिंगचा?

विदर्भातल्या थंडीच्या बातम्यांत गोंदियाचे किमान तापमान अनेकदा सर्वांत खाली असते. पावसाळाभर बंद असलेला गिझर मग एका सकाळी सुरू होतो आणि दोन मिनिटांत घरातली लाइट जाते. ब्रेकर वर केला की पुन्हा पडतो. उन्हाळ्यात हीच तक्रार कूलरची असते, पावसाळ्यात विहिरीवरच्या किंवा बोअरच्या मोटारीची. वायरमन येतो, पंधरा मिनिटे बघतो आणि बऱ्याच घरांत एक ठरलेला उपाय होतो : ‘ब्रेकरच खराब आहे, लाइन डायरेक्ट करून देतो.’ लाइट येते, पाणी तापते, सगळे खूश. पण त्या घरात विजेचा धक्का आणि माणूस यांच्यामध्ये जे एकच उपकरण होते, ते त्या दिवशी निघालेले असते. ब्रेकर का पडतो, कधी तो खरेच विनाकारण पडतो आणि तो काढून टाकणे हा उपाय का नाही, याचा हा आढावा.

नेमका कोणता ब्रेकर पडतो?

‘ब्रेकर पडला’ असे सरसकट म्हटले जाते, पण डीबीच्या पेटीत दोन वेगळ्या कामांची उपकरणे असतात. एक एमसीबी. त्याचे काम वायरला वाचवणे. वायर जितका प्रवाह सोसू शकते त्यापेक्षा जास्त वाहू लागला किंवा शॉर्टसर्किट झाले, की एमसीबी पडतो. दुसरे आरसीसीबी. जुने वायरमन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम माणसाला वाचवणे. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले छोटे बटण असते, यावरून तो ओळखता येतो. घरगुती आरसीसीबीवर बहुधा ३० मिलिअँपिअर असा आकडा छापलेला असतो.

निदानाची पहिली पायरी हीच. एमसीबी पडत असेल तर प्रश्न भाराचा किंवा शॉर्टचा आहे. आरसीसीबी पडत असेल तर वीज कुठेतरी चुकीच्या वाटेने जमिनीत जात आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे जातात आणि धोका तसाच राहतो.

एमसीबी का पडतो?

हिशेब सोपा आहे. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. ३ किलोवॅटचा गिझर साधारण १३ अँपिअर घेतो. १,००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते. एक अश्वशक्तीची पाण्याची मोटार पाच ते सहा अँपिअर. सकाळी सात वाजता ही तिन्ही एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर चालली, तर बेरीज २२ ते २३ अँपिअर होते. एमसीबी लगेच पडत नाही. आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि काही मिनिटांनी खटका पडतो. म्हणून ‘सुरू होते तेव्हा ठीक असते, थोड्या वेळाने पडतो’ हे अतिभाराचे लक्षण.

मोटारीचे गणित थोडे वेगळे. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह क्षणभर खेचते. एमसीबी ‘बी’ प्रकारचा असेल तर त्याच्या आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहाला तो तत्काळ पडतो. ‘सी’ प्रकारचा पाच ते दहा पटींना. मोटारीच्या लाइनवर ‘बी’ प्रकार बसवला असेल तर मोटार चांगली असूनही तो पडू शकतो. त्यात गावात संध्याकाळी व्होल्टेज कमी असले की मोटार तेवढेच पाणी उपसण्यासाठी उलट जास्त प्रवाह घेते, तापते आणि एमसीबी पडतो. गिझरचे मात्र उलटे आहे : व्होल्टेज कमी झाले की त्याचा प्रवाहही कमी होतो, फक्त पाणी तापायला उशीर होतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे १६ चा काढून ३२ चा एमसीबी बसवणे. मग तो पडत नाही हे खरे, कारण आता त्याआधी भिंतीतली वायर तापते. एमसीबीचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, गरजेवरून नाही. आकडा वाढवायचा असेल तर आधी वायर बदलावी लागते. गिझरला डीबीपासून स्वतंत्र, पुरेशी जाड वायर देणे हाच खरा उपाय.

आरसीसीबी कसा चालतो?

घरात फेजमधून जितका प्रवाह आत येतो, तितकाच न्यूट्रलमधून परत गेला पाहिजे. आरसीसीबी या दोन्हींची सतत तुलना करतो. दोन्ही वायरी एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर कड्यात चुंबकत्व तयार होत नाही. फरक पडला, म्हणजे काही प्रवाह न्यूट्रलऐवजी अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा कुणाच्या शरीरातून जमिनीत गेला, की कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात संकेत उमटतो आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरचा फरक झाला तर ०.३ सेकंदाच्या आत आणि १५० मिलिअँपिअरला ०.०४ सेकंदात तो पडलाच पाहिजे, असे मानक सांगते.

३० हाच आकडा का? प्रवाह एक मिलिअँपिअर असला तर मुंग्या जाणवतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ‘करंटने ओढून धरले’ असे म्हणतात ते हेच. वीज ओढत नाही, मूठ उघडत नाही. त्याहून वर श्वास अडखळतो आणि पन्नास ते शंभरच्या घरात काही क्षण प्रवाह राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मूठ सुटण्याच्या या मर्यादा मोजल्या आणि १९६० च्या दशकात त्यावर आधारित संरक्षक उपकरण तयार केले. १९६८ मध्ये तिथल्या विद्युत संहितेने पोहण्याच्या तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी ते सक्तीचे केले. पाणी, उघडे अंग आणि वीज एकत्र येतात तिथे धोका सर्वाधिक, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. तिकडे अंगणातल्या गरम पाण्याच्या टबाचा ब्रेकर सारखा पडतो ही नेहमीची तक्रार असते आणि तिची कारणे आपल्याकडच्या गिझर आणि कूलरच्या कारणांपेक्षा फारशी वेगळी नसतात : पाण्यातले हीटर, पंप आणि ओलावा.

बंद असलेला गिझर पहिल्याच दिवशी का पाडतो?

गिझरच्या आत धातूच्या नळीत तापणारी तार असते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या, तळी-बोड्यांच्या या जिल्ह्यात चार महिने बंद राहिलेल्या एलिमेंटच्या टोकातून ओल आत शिरली, तर पहिल्या दिवशी थोडी गळती होते आणि आरसीसीबी पडतो.

दुसरे कारण अधिक गंभीर. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने एलिमेंटवर थर चढतो, नळी जास्त तापते आणि अखेर तिला बारीक चीर पडते. मग पाणी थेट तारेपर्यंत पोहोचते. अशा वेळी एलिमेंट बदलावेच लागते.

एक कोडे अनेकांना पडते : गिझरचा स्विच बंद आहे, तरी ब्रेकर का पडतो? कारण भिंतीवरचा साधा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलेच राहते. एलिमेंटच्या न्यूट्रलकडच्या टोकाला गळती असेल, तर घरातल्या दुसऱ्या उपकरणांचा परतीचा प्रवाह थोडा तिथून अर्थिंगमध्ये उतरतो आणि आरसीसीबी पडतो. म्हणून तपासणी करताना स्विच बंद करून भागत नाही, पिन काढावी लागते.

ब्रेकर विनाकारण पडतो, असे कधी होते का?

होते, आणि ते मान्य करायला हवे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या खाली पडू नये, पण १५ ते ३० दरम्यान कुठेही पडू शकतो. संगणक, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, फ्रिज या प्रत्येकातून एक-दोन मिलिअँपिअरची निरुपद्रवी गळती होत असते. विहिरीपर्यंत गेलेली लांब वायर पावसात भिजली की तिची भर पडते. पूर्ण घराला एकच आरसीसीबी असेल तर या सगळ्यांची बेरीज होते आणि ज्याची पिन शेवटी लावली त्याच्यावर आळ येतो.

वायरिंगमधली चूकही कारण असते. नवीन खोली काढताना फेज एका लाइनचा आणि न्यूट्रल दुसऱ्याच लाइनचा जोडला, किंवा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र केले, तर सर्व उपकरणे चांगली असूनही आरसीसीबी पडत राहतो. टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या घरांत हा दोष विशेष आढळतो.

पण या सगळ्याचे उत्तर संरक्षण काढणे हे नाही. लाइन विभागून दोन आरसीसीबी लावणे, किंवा गिझर आणि मोटारीला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेले उपकरण) देणे, हे आहे. एका लाइनचा दोष मग पूर्ण घर अंधारात नेत नाही आणि ‘डायरेक्ट करून द्या’ म्हणण्याची वेळही येत नाही.

एमसीबी आहे ना, मग आरसीसीबी कशाला?

या प्रश्नातच खरी गोम आहे. समजा, लोखंडी कूलरच्या आत वायर सोलली गेली आणि फेज पत्र्याला टेकला. कूलरला अर्थिंग आहे, पण घराचा अर्थिंगचा खड्डा उन्हाने कोरडा पडला आहे आणि परतीच्या वाटेचा एकूण रोध २० ओहम आहे. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी याला नेहमीचा भार समजतो. तो पडणारच नाही. कूलरच्या पत्र्यावर मात्र धोकादायक व्होल्टेज तसेच उभे राहील. ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले मूल त्या पत्र्याला हात लावेल, तेव्हाही एमसीबीच्या दृष्टीने काहीच घडलेले नसेल.

त्याच घरात आरसीसीबी असता, तर कुणी हात लावण्याआधीच, फेज पत्र्याला टेकला त्या क्षणी खटका पडला असता. अर्थिंग अजिबात नसेल तर आरसीसीबी आधी पडणार नाही. माणसाचा हात लागेल तेव्हाच पडेल. धक्का बसेल, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढेल. म्हणजे अर्थिंग आणि आरसीसीबी हे एकमेकांचे पर्याय नाहीत, जोडीदार आहेत.

इथे ऋतूंचा उलटा खेळ लक्षात घेण्यासारखा आहे. पावसाळ्यात जमीन ओली असते, अर्थिंग चांगले लागते, गळतीही वाढते. म्हणून ब्रेकर जास्त पडतो आणि लोक त्याच काळात तो काढून टाकतात. उन्हाळ्यात जमीन सुकते, अर्थिंग दुबळे होते आणि नेमक्या त्याच महिन्यांत लोखंडी कूलर घरात पाणी भरून उभा असतो. पावसाळ्यात केलेल्या ‘डायरेक्ट’चा हिशेब मे महिन्यात होतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात आणि पाणी भरण्यापूर्वी पिन काढा, तीन पिनचा प्लग वापरा, असे आवाहन महावितरणला दरवर्षी करावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या प्रत्येक वर्षी देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक मृत्यू झाले.

घरी काय तपासता येते?

पेटी न उघडता, हात आणि पाय कोरडे ठेवून एवढे कुणालाही करता येते. घरातल्या सर्व उपकरणांच्या पिना काढायच्या. सर्व एमसीबी खाली करायचे. आरसीसीबी वर करायचा. तो थांबला तर एकेक एमसीबी वर करत जायचे. ज्याला आरसीसीबी पडेल त्या लाइनच्या वायरिंगमध्ये दोष. सर्व एमसीबी वर होऊनही तो थांबला तर एकेक पिन लावत जायची. ज्या पिनेला पडेल ते उपकरण संशयित. पण बेरजेचा मुद्दा लक्षात ठेवून ते उपकरण एकटेच लावूनही पाहायचे. सर्व एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी थांबत नसेल, तर न्यूट्रलमध्ये किंवा आरसीसीबीमध्येच दोष आहे. पुढचे काम परवानाधारक वायरमनचे.

वायरमनला ‘मेगर लावून पाहा’ असे स्पष्ट सांगावे. मेगर म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र. टेस्टरचा दिवा लागला की नाही, यावरून गळती कळत नाही. २३० व्होल्टला १५ मिलिअँपिअर गळती म्हणजे साधारण १५ हजार ओहम रोध. टेस्टरच्या दिव्यातून हा आकडा दिसणे अशक्य; मेगर तो सांगतो.

‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबावे. आरसीसीबी पडला नाही तर तो निकामी आहे. मात्र बटण दाबल्यावर पडला म्हणजे घराचे अर्थिंग ठीक आहे, असा अर्थ होत नाही. ते बटण फक्त यंत्रणा तपासते. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल अशी चूक झाली तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही, कारण त्याच्या हिशेबात प्रवाह बरोबर परत आलेला असतो.

काय अजिबात करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तीन पिनच्या प्लगची मोठी पिन तोडू नये. न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडू नये; न्यूट्रल कुठे तुटले तर गिझर आणि कूलरच्या पत्र्यावर थेट फेज येतो. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडू नये. बादलीतला पाणी तापवायचा रॉड सुरू असताना पाण्यात बोट घालून पाहू नये.

जबाबदारी कुणाची?

मीटरपर्यंतची लाइन महावितरणची, मीटरनंतरची ग्राहकाची, ही विभागणी कायद्याने स्पष्ट आहे. ठराविक भारापेक्षा मोठ्या जोडण्यांना गळती संरक्षक उपकरण लावणे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमावलीतही बंधनकारक आहे. पण त्या मर्यादेखालच्या लहान जोडण्या सुटतात. आणि नेमक्या त्याच घरांत ओली भिंत, जुनी वायर, लोखंडी कूलर आणि अनवाणी पाय एकत्र असतात. नियमाने सवलत दिली ती घराचा खर्च वाचावा म्हणून; व्यवहारात सवलत मिळाली ती धोक्याला.

चांगला दोन पोलचा आरसीसीबी साधारण दीड ते अडीच हजार रुपयांत येतो. नव्या कूलरच्या किमतीपुढे ही रक्कम फार नाही, पण रोजमजुरीवर चालणाऱ्या घरासाठी ती लहानही नाही. तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा असलेल्या जिल्ह्यात शेवटच्या घरातल्या दोन हजारांच्या उपकरणाचा प्रश्न कुणाच्याच खात्यात बसू नये, हे खटकणारे आहे. घरकुल योजनेत छत, शौचालय आणि वीजजोडणी पाहिली जाते; अंतिम हप्त्यापूर्वी अर्थिंग आणि आरसीसीबी पाहण्याची अट घालायला वेगळा कायदा लागणार नाही. नवी जोडणी देताना वायरिंगच्या चाचणी अहवालावर सही घेतली जाते. ती सही कागदावर न राहता मेगरचा आणि अर्थिंगचा प्रत्यक्ष आकडा त्यावर लिहिला जावा, एवढी अपेक्षाही अवाजवी नाही.

वायरमनचीही बाजू आहे. दोष शोधायला दोन तास लागतात, ग्राहक शंभर रुपये देऊ करतो आणि लाइट ताबडतोब हवी असते. दोन तासांच्या तपासणीचे पैसे द्यायची तयारी नसेल तर दहा मिनिटांचे ‘डायरेक्ट’च मिळणार. त्यामुळे हा बदल फक्त वायरमनकडून मागता येणार नाही; घरमालकाने तपासणीची मजुरी द्यायला हवी आणि ‘आरसीसीबी काढायचा नाही’ असे आधीच सांगायला हवे.

ज्या घरांत लाइन यापूर्वीच डायरेक्ट झाली आहे, त्यांनी पेटीतला आरसीसीबी प्रत्यक्ष जोडलेला आहे का, हे कूलर बाहेर काढण्यापूर्वी तपासून घ्यावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतावे. आणि मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबावर किंवा सर्व्हिस वायरमध्ये दोष वाटला, तर स्वतः हात न लावता महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.